लंगडणे थांबले म्हणजे घोडा बरा झाला असे नव्हे

व्यापाराच्या पानावर आपण दुकान, माल, कर्ज आणि कर यांविषयी नेहमी वाचतो. परंतु ज्याचे भांडवल चार पायांवर उभे असते त्या धंद्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. नवी मुंबईत लग्नसराई सुरू झाली की वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, पनवेल या भागांत वरातीसाठी घोड्यांना मागणी येते. पनवेलच्या पुढे नेरळमार्गे माथेरानला गेले, तर तेथे कित्येक घरांची चूल घोड्यावरच पेटते. घोडेवाले, सईस, नालबंद, खोगीर आणि झूल शिवणारे कारीगर असे कितीतरी लोक या धंद्यात आपल्या समाजाचे आहेत. आम्ही कापडाचे व्यापारी. झुलीची मखमल, जरीची किनार, आतले अस्तर हा माल आमच्यासारख्यांच्या दुकानांतून जातो. म्हणून या धंद्याचा नफा-तोटा आम्हांलाही जवळून दिसतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घोडेवाल्याचे मोठे नुकसान पुष्कळदा एका छोट्या गैरसमजातून होते. घोडा लंगडू लागला, चार दिवसांनी लंगडणे थांबले, मालकाने तो बरा झाला असे समजून पुन्हा कामाला जुंपला आणि महिन्याभरात पाय कायमचा गेला. ही पायाच्या नसेची दुखापत वेळेवर ओळखता येते आणि सांभाळताही येते. मात्र तिला जितके दिवस लागतात तितके द्यावेच लागतात, आणि ते दिवस देण्याची ताकद एकट्या घोडेवाल्यात नसते. त्यासाठी त्या धंद्यावर कमावणाऱ्या सर्वांनी हातभार लावला पाहिजे.

पायाची रचना

घोडेवाले जिला सरसकट ‘नस’ किंवा ‘शीर’ म्हणतात ती खरे तर रक्ताची नस नव्हे. शास्त्रात तिला कंडरा म्हणतात. मांसपेशीची ओढ हाडापर्यंत नेणारा तो चिवट दोर आहे. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याच्या खाली मांस जवळजवळ नसतेच. तेथे पुढे नळीचे हाड आणि मागे उभे दोर असतात. सर्वांत बाहेरचा एक, त्याच्या आत दुसरा, आणि हाडाला लागून खुरावरच्या सांध्याला झोळीसारखा तोलून धरणारा तिसरा बंध. शरीराचे सुमारे साठ टक्के वजन घोडा पुढच्या पायांवर घेतो. त्यामुळे ही दुखापत पुढच्या पायांत, आणि तीही बाहेरच्या दोराला, जास्त आढळते.

कापडवाल्याला ही गोष्ट लवकर समजते. कंडरा म्हणजे हजारो बारीक धाग्यांचा एका दिशेने वळलेला पीळ आहे. प्रत्येक पावलाला तो ताणतो आणि पुन्हा आखडतो. भरधाव दौडीत त्याच्या गाभ्यातील उष्णता ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते असे मोजून पाहिलेले आहे. धागे एकदम सगळे तुटतात असे क्वचितच होते. आधी आतले थोडे धागे विरतात, बाहेरून पीळ शाबूत दिसतो आणि पुढच्या एखाद्या झटक्यात मधला भाग फाटतो. विरलेल्या कापडावर जोर दिला तर काय होते हे दुकानदाराला सांगायला नको.

ओळखावे कसे

यासाठी सकाळची दोन मिनिटे पुरेत. रोज कामाला नेण्यापूर्वी दोन्ही पुढच्या पायांच्या नळीमागून तळहात हळूहळू वरून खाली फिरवावा. डावा आणि उजवा यांची तुलना करावी. मग पाय उचलून गुडघ्यात वाकवावा, म्हणजे दोर सैल पडतात, आणि बोटांच्या चिमटीत प्रत्येक दोर चाचपून पाहावा. निरोगी दोर घट्ट, सरळ आणि थंड लागतो, आणि त्याच्या कडा वेगळ्या समजतात. पाहायच्या खुणा चार आहेत.

एक, ऊब. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागणे.

दोन, सूज. बाजूने पाहिले तर नळीमागची सरळ रेषा धनुष्यासारखी फुगलेली दिसणे, किंवा कडा बुजल्यासारख्या लागणे.

तीन, दुखणे. ठरावीक ठिकाणी दाबताच घोड्याने पाय ओढून घेणे.

चार, चाल. दुडकी चालीत डोके वर-खाली होणे, वळताना पाऊल आखडणे, उभे असताना एक पाय पुढे टाकून त्याला आराम देणे.

यांत चौथी खूण सर्वांत फसवी आहे. पुष्कळ घोडे सुरुवातीला लंगडतच नाहीत, आणि लंगडले तरी काही दिवसांत नीट चालू लागतात. आतली जखम मात्र तशीच असते. म्हणून भरवसा चालीपेक्षा हातावर ठेवावा. ऊब आणि सूज असेल तर घोडा कितीही चांगला चालत असला तरी तो कामाचा नाही.

दोन प्रसंगांत मात्र क्षणभरही थांबू नये. काच, पत्रा किंवा तार लागून नळीमागे जखम झाली आणि खुराचे टोक जमिनीवरून वर उचलले गेले, किंवा खुरावरचा सांधा जमिनीकडे खचला, तर दोर तुटला असण्याची शक्यता असते. घोडा एक पाऊलही न चालवता पशुवैद्यकास जागेवर बोलवावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

पहिले तीन दिवस

दुखापत दिसताच काम त्याच क्षणी थांबवावे. वरात अर्धी झाली असली तरी नवरदेवाला उतरवावे. नंतर थंडावा द्यावा. नळाचे थंड पाणी पायावर सोडावे किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. एका वेळी सुमारे वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, असे दोन-तीन दिवस. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, कातडी जळते. या दिवसांत शेक देणे आणि जोराने चोळणे दोन्ही नुकसानकारक, कारण त्याने सूज वाढते.

पट्टी बांधण्यासंबंधी आम्हांला कापडवाले म्हणून दोन शब्द सांगायचे आहेत. पुष्कळ जण जुन्या साडीची किंवा धोतराची चिंधी पायाला करकचून आवळतात. साधे सुती कापड ताणत नाही. त्यात सूज वाढली की तीच चिंधी दोराला काचते आणि पट्टीचीच इजा होते. ओली बांधलेली सुती पट्टी वाळताना आणखी आखडते. बरोबर पद्धत अशी की आधी कापसाचा जाड थर नळीभोवती सुरकुती न पडता सारखा गुंडाळावा, आणि त्यावर रुंद, थोडी ताणणारी पट्टी, सर्वत्र सारख्या ओढीने बांधावी. कापसाशिवाय पट्टी नाही हा नियम समजावा. गाठ दोरावर येऊ देऊ नये. पट्टी रोज सोडून पाय पाहावा. दुसऱ्या चांगल्या पायालाही पट्टी बांधावी, कारण आता सगळा भार त्याच्यावर आहे.

घोडा तबेल्यात उभा राहणार म्हणून चंदी कमी करावी आणि वाळलेले गवत व पाणी भरपूर ठेवावे. पूर्ण चंदी आणि काम नाही, यातून पोटशूळ आणि खुराचे दुखणे उद्भवते.

डाग, मलम आणि सुई

आपल्याकडे लोखंड तापवून पायाला डाग देण्याची किंवा कातडी सोलणारे तिखट मलम लावण्याची जुनी चाल आहे. हा हुनर कित्येकांनी बापजाद्यांकडून घेतला आहे, आणि त्यांची नियत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी यावर मोठा अभ्यास करून १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा डाग दिल्याने कंडरा भरून येण्यास काहीही मदत होत नाही असे दिसून आले. डाग दिलेला घोडा पुढे सुधारलेला दिसतो तो सक्तीच्या विश्रांतीमुळे. ती विश्रांती डागाशिवायही देता येते, आणि जनावराचा जीव भाजण्याचे पाप टळते.

दुसरी गफलत वेदनाशामक सुईची. पशुवैद्यकाने सूज उतरवण्यासाठी मोजके दिवस औषध दिले तर ते योग्यच आहे. पण दुखणे झाकून संध्याकाळच्या वरातीला घोडा उभा करायचा, म्हणून दुकानातून औषध आणून टोचणे म्हणजे घोड्याचा इशारा बंद करून त्याला खड्ड्यात ढकलणे होय. शिवाय ही औषधे जास्त झाली तर पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात.

खात्रीचा उपाय म्हणजे सोनोग्राफी. माणसाच्या पोटाची करतात तशीच ती कंडरेचीही करता येते. जखम पहिल्या काही दिवसांत वाढत असते, म्हणून साधारण एका आठवड्याने केलेल्या तपासणीत तिचा खरा आकार कळतो. ही सोय आपल्या जवळ कोठे आहे ते पशुवैद्यकाला विचारावे. परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात, जुनी मुंबई ज्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणते ते, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आहे. हे पेटिट घराणे कापड गिरण्यांचे मालक होते हे आमच्या कापड व्यापारी बांधवांनी लक्षात ठेवावे. शर्यतीच्या घोड्यांना आज मूळ पेशींची आणि रक्तातून काढलेल्या द्रवाची इंजेक्शनेही देतात. ती महाग आहेत, आणि ती देऊनही विश्रांतीचे महिने टळत नाहीत.

पावसाळ्याची सुट्टी पुरत नाही

आमच्या मते खरा घोळ येथे आहे. आपल्या धंद्याचे वर्ष ठरलेले असते. मे महिन्यात लग्ने आणि माथेरानची गर्दी, जूनला पाऊस, पावसाळ्यात घोडा रिकामा, आणि दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की पुन्हा हंगाम. मेमध्ये पाय दुखावला तर मालक म्हणतो, पाऊसभर उभा होता, आता बरा आहे. हिशेब केला तर मे ते नोव्हेंबर सहाच महिने होतात. मध्यम दुखापतीला नऊ ते बारा महिने लागतात, मोठीला त्याहून अधिक.

याचे कारण समजून घ्यावे. फाटलेल्या जागी शरीर आधी घाईघाईने वेडेवाकडे धागे भरते. तेव्हा सूज उतरलेली असते आणि लंगडणे नसते. ते धागे सरळ ओळीत येऊन मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात, आणि तरीही ती जागा पहिल्यासारखी लवचीक होत नाही. कच्च्या रफूवर ताण दिला की कापड रफूच्या कडेला फाटते. घोड्याचेही तेच होते.

विश्रांती म्हणजे नुसते बांधून ठेवणेही नव्हे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने साधारण असा क्रम ठेवतात. पहिले दोन आठवडे तबेल्यात पूर्ण आराम. नंतर लगाम हातात धरून, सपाट आणि टणक वाटेवर, पाच-दहा मिनिटे दिवसातून दोनदा चालवणे. ही वेळ थोडी थोडी वाढवत तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस अर्ध्या-पाऊण तासावर आणावी. तेथे पुन्हा तपासणी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात लांब चाल आणि शेवटी थोडी दुडकी. दौड नवव्या महिन्याच्या आसपास, आणि तीही तपासणी चांगली आली तर. या काळात घोडा मोकळ्या मैदानात सोडू नये. एक उधळण महिन्यांची मेहनत घालवते. एखाद्या दिवशी ऊब परत जाणवली तर एक पायरी मागे जावे.

नालबंद आणि रस्ता

दुखापत टाळण्यात नालबंदाचा मोठा वाटा आहे. खुराचे टोक लांब आणि टाच बसकी राहिली की मागच्या दोरांवर प्रत्येक पावलाला जादा ताण पडतो. नाल झिजला नाही म्हणून दोन-तीन महिने खूर न कापणे ही काटकसर महागात पडते. पाच-सहा आठवड्यांनी खूर साधून घ्यावा. आमच्या नालबंद बांधवांनीही गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगावे. कारागिराची इज्जत त्याच्या सल्ल्यात असते.

दुसरी गोष्ट कामाची. वरातीचा घोडा तासन्‌तास डांबरी रस्त्यावर ओझे घेऊन उभा असतो, आणि मग फटाक्याने किंवा बाजाने बिचकून एकदम उसळी घेतो. थंड पडलेल्या पायावर असा झटका वाईट. काम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे साधी चाल द्यावी. सारंगखेड्याच्या यात्रेतून नाचरा घोडा आणणाऱ्याने ध्यानात ठेवावे की मागच्या पायांवर उभे राहण्याच्या प्रत्येक कसरतीत सगळे वजन मागच्या दोन पायांच्या दोरांवर येते. ती कसरत रोजची आणि गिऱ्हाइकाच्या हट्टापायी नसावी. माथेरानला लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसू लागले तेव्हा घोडे घसरतात अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली, आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाय घसरणे आणि दोर ताणला जाणे यांचा संबंध जवळचा आहे, म्हणून ही तक्रार क्षुल्लक मानू नये.

कायदा आणि रोजी

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दुखापत झालेल्या जनावरास कामाला लावणे गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेण्यास मनाई आहे. हे नियम आपण स्वतः पाळले नाहीत तर काय होते ते मुंबईने पाहिले. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्याचा आदेश दिला. कित्येक घरांची पिढीजात रोजी गेली. त्या निकालामागे घोड्यांच्या हालांच्या तक्रारी होत्या. माथेरानला डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा चाचणीसाठी आल्या. उद्या कोणी विचारले की घोडा कशाला हवा, तर आपल्याजवळ एकच उत्तर टिकेल: आमचा घोडा धडधाकट आहे, येऊन पाहा.

आणि कायद्याच्या आधी दीन आहे. कुरआनातील एका सूरहचे नाव, अल-आदियात, धावत्या घोड्यांवरून आहे. भुकेल्या आणि राबवून थकवलेल्या उंटाची तक्रार ओळखून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या मालकाला अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद दिली होती, हा प्रसंग आपण मस्जिदीत ऐकला आहे. मुके जनावर आपल्याकडे अमानत आहे.

हिशेब आणि उपाय

आता कडू भाग. समजा एका घोड्याच्या चाऱ्याला रोज २५० रुपये लागतात. महिन्याला साडेसात हजार, दहा महिन्यांना ७५ हजार. कमाई शून्य. एकाच घोड्यावर घर चालवणाऱ्याला हे शक्य नाही, आणि त्याला नुसता उपदेश करणे हा अन्याय आहे. तो दुखरा घोडा जुंपतो तो निर्दयपणाने नव्हे, लाचारीने.

म्हणून आमची सूचना अशी. वरातीच्या एका घोड्यावर घोडेवाला, बँडवाला, मंडपवाला, हॉलवाला आणि आमच्यासारखे शेरवानी-झूल विकणारे असे अनेक जण कमावतात. या सर्वांनी मिळून प्रत्येक वरातीमागे २०० रुपये बाजूला काढावेत. एका भागात २० घोडे आणि प्रत्येकाच्या हंगामात ४० वराती धरल्या तर ८०० वराती होतात आणि १ लाख ६० हजार रुपये जमतात. त्यातून दोन जखमी घोड्यांचा दहा महिन्यांचा चारा निघतो आणि तपासणीला दहा हजार उरतात. ही रक्कम जकातीची नको, धंद्याची असावी. पैसा पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर आणि थेट चाऱ्याच्या दुकानदारास द्यावा. घरखर्चासाठी त्या काळात घोडेवाल्याला कर्ज-ए-हसना मिळावे, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर सईस म्हणून कामात पहिला हक्क त्याचा असावा.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. वरात असावी की नसावी यावर उलेमा बोलतील. परंतु घोडा बोलावलाच असेल तर वरात तासाभरात आटपावी, आणि घोडेवाल्याने पाय दुखतो म्हणून घोडा नाकारला तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये, बयाणा अडवू नये. नाही म्हणणारा घोडेवाला हा प्रामाणिक व्यापारी आहे. त्याला पुढच्या लग्नाचे काम आपणच द्यावे.

येत्या हंगामापूर्वी आपल्या भागातील घोडेवाले, नालबंद आणि मंडपवाले यांनी एकदा एकत्र बसावे, एखाद्या पशुवैद्यकास बोलावून पायाची तपासणी हाताने शिकून घ्यावी आणि निधीची वही उघडावी. वहीचे पहिले पान आम्ही कापडवाल्यांनी भरावे असे आम्हांला वाटते. हलाल रोजीत बरकत अल्लाह देतो, जनावराचा पाय सांभाळणे मात्र आपल्या हातात आहे.